डावीकडचे दोन काटे

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. कुणी नेमलेलं नाही. पंगत बसायला उशीर असला आणि सतरंजीवर माणसं जांभया द्यायला लागली की कोणीतरी माझ्याकडे बघतं, आणि मी लगेच घसा खाकरतो. माझ्या गोष्टीतलं निम्मं खरं असतं, उरलेलं निम्मं ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी. सगळ्यात जास्त गोष्टी मी माझ्या वडिलांच्या सांगितल्या. त्यांना त्या कधीच आवडल्या नाहीत, कारण त्यांत आकडे चुकलेले असत.

बाबा आकड्यांचे माणूस. वर्ध्यात देवळी रस्त्यावरच्या एका जिनिंग फॅक्टरीत त्यांनी तीस वर्षं इंजिन सांभाळलं. आमच्याकडे तिला नुसतं जीन म्हणतात. त्या जीनमध्ये एक भलंथोरलं तेलावरचं इंजिन होतं. त्याच्या चाकावरून पट्टे निघायचे आणि कापसातून सरकी वेगळी करणारी सगळी यंत्रं त्या पट्ट्यांवर फिरायची. इंजिनाच्या खोलीत पितळी कडांचे गोल मीटर लावलेले होते, पाणी किती तापलं आणि तेलाचं प्रेशर किती आहे ते दाखवणारे. बाबा त्यांना काटे म्हणत. थोड्या थोड्या वेळाने काट्यांकडे बघायचं आणि खोलीत कोणी असो-नसो, आकडा मोठ्याने म्हणायचा, ही त्यांच्या वस्तादाने लावलेली सवय. मनात वाचलेला आकडा विसरतो, तोंडाने म्हटलेला राहतो, असं वस्तादाचं मत होतं. लहानपणी मी डबा घेऊन जायचो तेव्हा त्या धडधडाटात बाबा भिंतीकडे तोंड करून ओरडताना दिसायचे, "पानी सत्तर! तेल तीस!" भिंत काही बोलायची नाही. बाबा समाधानाने भाकर सोडायचे.

घरीही तेच. मला ताप आला की आई कपाळाला हात लावून "लई हाय वो" म्हणायची. बाबा थर्मामीटर झटकायचे, उजेडाकडे धरायचे आणि जाहीर करायचे, "एकशे एक पॉइंट चार." त्यानंतर मला खरोखर जरा बरं वाटायचं. आकडा कळला म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवून आहे, एवढं त्या वयातही समजत होतं.

सत्तरची सालं संपत आली तेव्हा जीनमध्ये विजेच्या मोटारी आल्या. इंजिन बंद झालं. मालकाने बाबांना फाटकावर बसायचं काम देऊ केलं. बाबा म्हणाले, "फाटकाले काय काटा असते का?" आणि घरी आले. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकणं हा मग त्यांचा धंदा झाला. "याचं नोझल गेलं." "याचा पट्टा ढिला हाय." गाडीवाला तोवर बाजारापर्यंत पोचलेला असायचा. ऐकायला आम्हीच.

दोन-तीन वर्षांनी मी डिझेलची पिकअप घेतली. वर्ध्याहून गुरांसाठी सरकी-ढेपेची पोती भरायची आणि देवळीकडच्या गावांत पोचवायची, असा धंदा. गाडी दारात आली, नारळ फुटला, आईने कुंकू लावलं. सगळे रंगाचं कौतुक करत होते तेव्हा बाबांनी दार उघडून आत डोकं घातलं.

"काटे कुठी हायत?"

मी दाखवलं. हा वेगाचा, हा डिझेलचा. बाकीच्यासाठी दोन लाल बत्त्या. तेल कमी झालं की ही लागते, पाणी तापलं की ती.

"म्हंजे मेल्यावर सांगते."

"बाबा, तापलं की लगेच लागते."

"तेच म्हनतो ना. काटा कसा, आदमी बीमार पडून राह्यला असं सांगते. हे बत्ती डायरेक्ट मयताचीच खबर देते. पानी अन् तेल, दोन काटे बसवून घे."

मी हसून सोडून दिलं. पण बाबांनी सोडलं नाही. जेवताना काटे, चहाच्या वेळी काटे, पाहुणे आले तर पाहुण्यांसमोर काटे. माझी उत्तरं ठरलेली होती. कंपनीतले इंजिनिअर काय मूर्ख आहेत? लागत असते तर त्यांनीच दिले नसते? आणि नव्या कोऱ्या गाडीच्या पत्र्याला भोकं पाडायची?

"बसवाचे तं कुठी? जागाच नाई," मी एकदा म्हणालो. स्टिअरिंगसमोर खरंच जागा नव्हती.

बाबांचं उत्तर तयार होतं. "इकडं, मायाकडच्या बाजूनं. तू रस्ता पाह्य, मी काटे पाह्यतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की काटे बसले की त्यांच्यामागोमाग बाबाही बसणार. रोज. माझ्या डाव्या हाताला.

आता खरं सांगून टाकतो. त्या सीटवर माझे श्रोते बसायचे. देवळीच्या शाळेचे एक मास्तर, बियाण्यांचा एक एजंट, कोणी ना कोणी फुकट यायचं आणि त्याबदल्यात मला ऐकून घ्यायचं. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठं भाडं नाही. बाबा एक-दोनदा बसले होते तेव्हाचा अनुभव वाईट होता. मी मास्तरांना रंगात येऊन सांगत होतो की रस्त्यात तीन लांडगे आडवे आले. बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "एक होता." थोडं थांबून पुढे, "अन् तो कुत्रा होता."

म्हणून मी काटे बसवत नव्हतो. कंपनीचे इंजिनिअर, नवा पत्रा, ही सगळी सजावट. म्हातारा माणूस एक सीट मागत होता आणि मी त्याच्याशी गाडीच्या डिझाइनवर वाद घालत होतो.

वाद उन्हाळ्यात मिटला. मे महिन्यात भर दुपारी सावंगीच्या पुढे गाडीने वाफ सोडली आणि उभी राहिली. बत्ती लागलीच नव्हती. टो करून वर्ध्याला मिस्त्रीकडे आणली. मिस्त्री माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. त्याने बत्ती काढून हातावर ठेवली.

"भाऊ, बल्बच उडेल हाय. दोन-तीन मयने झाले असन. हेड गॅस्केट गेलं आता."

घरी मी मान खाली घालून हे सांगितलं. मला वाटलं, आता आठवडाभर ऐकावं लागणार. बाबा फक्त म्हणाले, "पाड मंग भोकं," आणि पायात चपला सरकवल्या. त्यांना मिस्त्रीकडे यायचं होतं.

काटे त्यांनी स्वतः निवडले. काळी तबकडी, पांढरे आकडे. पाण्याच्या काट्याची बारीक तांब्याची नळी इंजिनापर्यंत कशी न्यायची, कुठे वेटोळं द्यायचं म्हणजे धक्क्याने तुटणार नाही, हे त्यांनी मिस्त्रीला उभं राहून सांगितलं. मिस्त्री सगळ्याला "हो बाबा" म्हणाला आणि त्याला हवं तसंच केलं. डाव्या सीटच्या पुढ्यात पत्र्याला दोन गोल भोकं पडली. बाबांनी दोन्ही काचांवर अंगठा फिरवला. जीन बंद झाल्यापासून त्यांचा चेहरा मी तसा पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा बाबा आंघोळ करून, खिशाचा सदरा घालून ओट्यावर बसलेले. हातात एक मऊ फडकं. गाडीत बसले की आधी दोन्ही काचा पुसायच्या, मग म्हणायचं, "चाल."

वर्ष-सव्वा वर्ष आम्ही असे फिरलो. गावातून बाहेर पडलं की, "पानी सत्तर, तेल पंचेचायीस." सावंगीच्या चढावर, "पानी ब्याऐंशी, तेल चायीस." देवळीच्या स्टँडवर थांबताना पुन्हा. मास्तर आता मागे पोत्यांवर बसत आणि काचेला कान लावून माझ्या गोष्टी ऐकत. तरी काही काळाने मलाच त्या आकड्यांची सवय झाली. गोष्ट सांगता सांगता मी मध्येच थांबायचो, "बाबा, पाणी?" ते सांगायचे. मी पुढे सुरू. कुठल्या गावाच्या बाजारात ढेपेला उठाव आहे, वर्ध्यातला कुठला व्यापारी ओली पोती गळ्यात मारतो, हेही ते सांगायला लागले होते. दुकानदार त्यांना आधी चहा द्यायचे, मग मला. संध्याकाळी ते आईसमोर पाय सोडून बसत आणि दिवसभराचा वृत्तांत देत, त्यात माझं नाव क्वचितच यायचं. गाडी जणू बाबांनी एकट्यानेच नेऊन आणली होती.

त्याच सुमारास माझ्या गोष्टींचा साठाही वाढत होता. बाबांनी देवळीच्या स्टँडवर एका खांबाला राम राम केला. बाबांनी चहा कपाच्या बाजूला ओतला आणि कपाला विचारलं, भरला काऊन नाई. बाबा माझी एक आणि आईची एक चप्पल घालून देवळात गेले. मी या गोष्टी नकलेसकट सांगायचो. सगळे पोट धरून हसायचे, आईसुद्धा. "वय झालं, ध्यान राह्यत नाई," ती म्हणायची. बाबा म्हणायचे, "खांब नोता तो. मानूस होता. निंघून गेला."

एक दिवस एका गावात पोती उतरत होती आणि बाबा खाली उतरून दुकानदाराशी बोलत होते. मी काट्यांच्या काचा पुसायला डावीकडे वाकलो. पाण्याचा काटा अगदी तळाला जाऊन पडलेला. इंजिन चालू, गरम, आणि काटा मेलेला. खाली हात घालून बघितलं तर तांब्याची नळी तुटली होती. तुटलेल्या जागी धूळ बसलेली. बरेच दिवस झाले असावेत.

बाबा येऊन बसले. फडक्याने काच पुसली. गाडी निघाली. चढ आला.

"बाबा, पाणी?"

"ब्याऐंशी," बाबा म्हणाले. तबकडीकडे तोंड करून, नीट वाकून.

मी हसू दाबलं. माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं? बाबांना दिसत नाही, हे आलं का? आलं. नाही आलं असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो, पण आलं होतं. खांब, चहा, चप्पल, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं होतं. पण त्याच्या पुढे जाऊन दुसरी एक गोष्ट उभी राहिली आणि मी तिच्याकडेच बघितलं. काय झकास किस्सा आहे!

त्या संध्याकाळी पुन्हा तोच चढ चढून मिस्त्रीकडे एकटा गेलो. त्याने रेडिएटरच्या पाण्यात थर्मामीटर सोडला. ब्याऐंशीच्या आसपास. बाबा पायाला लागणाऱ्या उबेवरून, इंजिनाच्या आवाजावरून आकडा सांगत होते आणि तो बरोबर होता. मिस्त्री म्हणाला, "नयी बदलून देतो."

मी म्हणालो, "राहू दे काही दिवस."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. "काऊन?"

त्याला काय सांगणार? आंबा अढीत घालतात तसा मी किस्सा पिकायला घातला होता. अठरा दिवस. अठरा दिवस मी मेलेल्या काट्यासमोर बाबांना विचारत राहिलो, कधी उतारावर, कधी दहा मिनिटं थांबून निघाल्यावर, मुद्दाम. ते दर वेळी वाकायचे, तबकडीजवळ तोंड न्यायचे, क्षणभर थांबायचे आणि आकडा म्हणायचे. ते जे क्षणभर थांबणं होतं ना, त्याची मी घरी आरशासमोर नक्कल बसवली.

मग मामाच्या मुलीचा साखरपुडा आला, देवळीला. दुपारची वेळ. मुलाकडची मंडळी यायची होती. मांडवात सतरंजीवर पुरुष, स्वयंपाकघराच्या दारात बायका. बाबा मांडवाच्या खांबाला टेकून बसलेले, अंगावर धुतलेला सदरा. मामा म्हणाला, "भाचे, हात हलवत आला काय? सांग ना बे एखादी."

मी सांगितली. बाबा चार हातांवर बसलेले असताना सांगितली, आणि हे मी चोरून केलं नाही, कारण मला वाटत होतं की मी त्यांचं कौतुक करतोय. कंपनीचा काटा मेला, माझ्या बापाचा काटा चालू आहे, असा शेवट मी बसवला होता. वाकणं, तोंड जवळ नेणं, ते थांबणं आणि मग भारदस्त आवाजात "ब्याऐंशी". मांडव कोसळेल असं हसले लोक. कोणीतरी पाणी पिताना ठसकलं. बाबाही हसले. सगळ्यांपेक्षा जरा जास्तच वेळ हसले, उपरण्याने डोळे पुसत.

मामाला चेव आला. त्याने हात वर केला. "भाऊजी, हे किती बोटं हायत, सांगा बरं!"

"तुयी बोटं काय मोजाची," बाबा म्हणाले, "लहानपनी जेवताना मोजली हायत म्या, एका घासाले पाची लागत होती."

पुन्हा हशा. बाबा वाचले होते. गोष्ट तिथे संपली असती. पण स्वयंपाकघराच्या दारातून आई पुढे आली. तिच्या हाताला कणीक होती. ती पुरुषांच्या सतरंजीवर चढून बाबांच्या समोर उभी राहिली.

"मी कोनतं पातय नेसून हाय?"

हसणं एकेका माणसावरून खाली उतरत गेलं.

"काई बी इचारतं तू," बाबा म्हणाले. "येवढ्या लोकायत…"

"सांगा ना."

बाबांनी मान थोडी तिरकी केली. "निळं," ते म्हणाले. "काठाचं."

आई पिवळ्या पातळात होती. नवं होतं, मामाने त्याच दिवशी नेसवलेलं. ती "हं" एवढंच म्हणाली आणि तिथेच, पुरुषांमध्ये, त्यांच्या शेजारी बसली. कणकेचा हात तिने त्यांच्या धुतलेल्या सदऱ्याच्या बाहीवर ठेवला. त्या घरात तिला असं बसलेलं कोणी कधी पाहिलं नव्हतं. मामाने मला विचारलं, पान आणू का. मी हो म्हणालो. मला पान नको होतं.

उन्हं कलताना आम्ही निघालो. आई मध्ये, बाबा खिडकीशी, काटे त्यांच्या पुढ्यात. बाबांनी फडकं काढलं नाही. सावंगीचा उतार आला आणि गेला. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

वर्ध्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डावा डोळा संपलेला होता, उजव्याला कडेकडेचं थोडं. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं तरी झाली असतील, हा आजार सावकाश येतो, वर्षभर आधी आणलं असतं तर उजवा बराचसा वाचवता आला असता. मी मनातल्या मनात खांबापासून साखरपुड्यापर्यंतचे महिने मोजले.

"तुम्हाला समजलं कधी?" डॉक्टरांनी बाबांना विचारलं.

बाबांनी प्रश्नाला सरळ उत्तर दिलं, आकड्यांच्या माणसासारखं. "काटे बसवले तवा साफ दिसत होते. मंग पयले आकडे गेले. मंग काटा गेला. मंग गोल तेवढा राह्यला. तोई दिवाईत गेला."

"मग सांगितलं का नाही घरी?"

बाबा हसले. माझ्या दिशेने जरा मान वळवून म्हणाले, "सांगितलं असतं तं घरी बसा म्हनला असता ना."

मी त्यांना घरी बसवणार नव्हतो. हे मी तिथे म्हणालोही. डॉक्टर थेंबांची बाटली लिहून देत होते. बाबांनी मान हलवली, जशी ते माझ्या तीन लांडग्यांसारख्या गोष्टींवर हलवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी सुरू करून दारात उभा राहिलो. बाबा ओट्यावर होते. आंघोळ झालेली नव्हती.

"चला बाबा."

"तू जा."

"काटा बदलला मी. नवीन नळी टाकली."

"चांगलं केलं. जा आता, माल खोटी होईन."

तिसऱ्या दिवशी तेच. मी मिनतवाऱ्या केल्या. तुमच्याशिवाय मला चढावर भीती वाटते म्हणालो, ते खोटं नव्हतं. मला तुमचा काटा पाहिजे, कंपनीचा नको, असंही म्हणालो. ते वाक्य तोंडातून निघाल्यावर माझं मलाच ऐकू आलं की ही तर मांडवातल्या गोष्टीचीच शेवटची ओळ. बाबांनाही आलं असणार. ते उठून आत गेले. भिंतीला हात लावत गेले, आता लपवायचं कारण उरलं नव्हतं.

मास्तर पुन्हा पुढच्या सीटवर आले. मला काही सांगायला सुचेना. डावीकडे बघायचंही मी टाळायला लागलो, त्या दोन तबकड्यांवर धूळ साचत गेली. मास्तर चांगले होते, ते स्वतःच काहीबाही बोलायचे.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी देवळीच्या अलीकडे इंजिनातून धाडकन आवाज आला आणि गाडी थांबली. वर्ध्याहून मिस्त्री आला. त्याने खालचं झाकण खोललं, तर तेलात धातूचा चुरा.

"भाऊ, रॉडचं बेअरिंग गेलं. हे काई आज नाई गेलं. तीन आठवडे तरी ठोकत असन. ऐकू नाई आलं?"

"नाही."

"काटा तं पडला असन. तेलाचं प्रेशर खाली आलं असन पाह्य. पाह्यला नाई?"

मी चावी त्याच्या हातात ठेवली.

संध्याकाळी एसटीने घरी आलो. बाबा ओट्यावर बाजेवर बसलेले. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि काय झालं ते सांगितलं, सरळ, काही न लावता. ते ऐकत राहिले. मग मला एकदम सुचलं, म्हणून विचारलं. गाडी रोज या ओट्यासमोर येऊन थांबत होती. बाबांचे कान शाबूत होते.

"बाबा, तुमाले ऐकू येत नोतं काय?"

"येत होतं ना," बाबा म्हणाले. "वीस-बावीस दिवस झाले. पयले बारीक होतं. सोमवारपासून वाढलं. तेल पंचवीसच्या खाली आलं असन."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

ते रागावले नव्हते. कसं सांगावं हे शोधत होते, एवढंच.

"बापू, मी काई बोललो का त्याची तू गोष्ट करतं."

आत आई तांदूळ पाखडत होती, सूप थांबल्याचं मला कळलं. थोड्या वेळाने बाबांनी विचारलं, बेअरिंग कोणत्या मापाचं टाकायला सांगितलंस. मी सांगितलं. "ठीक हाय," ते म्हणाले.

गाडी दुरुस्त होऊन आली. त्यानंतर बाबा अजून अडीच वर्षं होते. त्या सगळ्या काळात मी रोज संध्याकाळी गाडी ओट्यासमोर आणायचो आणि लगेच बंद करायचो नाही. इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचो. बाबा बाजेवर असायचे, मान आवाजाकडे वळलेली. त्यांच्या डोक्यात आकडा तयार झाला आहे, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसायचं. एकदा तर ओठही हलले. मी दार उघडून थांबलो.

"बंद कर," बाबा म्हणाले. "डिझेल जयते."